टिपणीस नानांचं सापुताऱ्याचं घर

नाना टिपणीस कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी भिंत वाजवून बघत. चपला काढल्या, घरच्यांना नमस्कार केला, की बोटांची पेरं भिंतीवर टकटक. मग मान वाकडी करून ऐकायचं. वीट नीट भाजलेली आहे की कच्ची, गिलावा भिंतीला धरून आहे की सुटलाय, हे त्यांना आवाजावरून कळे, आणि कळलं की सांगितल्याशिवाय राहवत नसे. माझ्या नणंदेच्या साखरपुड्याला, मुलाकडची माणसं समोर बसलेली असताना, नानांनी त्या माणसांच्याच दिवाणखान्याची भिंत वाजवली आणि ही पुढच्या पावसाळ्यात ओल धरणार असं जाहीर केलं. सोयरीक टिकली हे आमचं नशीब. भिंतीनं ओल धरली हेही खरं.

बडोद्यात तरसालीची आमची सोसायटी नवी होती तेव्हा आम्ही आणि टिपणीस बरोबरच राहायला आलो. दोन घरांत मधली भिंत एकच. माझे यजमान रेल्वेत, मी मराठी शाळेत शिक्षिका आणि नाना सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे, पण त्या मोठेपणातलं नानांपर्यंत पोचेतो फक्त सरळ नाक आणि वळणदार अक्षर उरलं होतं. दिवसभर ते शाळांचे, दवाखान्यांचे, क्वार्टर्सचे नकाशे काढत. खाली सही इंजिनियरची. बुटकी, काटकुळी मूर्ती, कानामागे पेन्सिल, खिशात मोजायची टेप. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी त्यांच्याहून चांगल्या वीतभर उंच होत्या. फोटो काढायचा झाला की नाना घाईघाईनं वहिनींसाठी खुर्ची आणत आणि आपण शेजारी उभे राहत. वहिनी खुर्चीवर बसून हसत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोत त्या हसताना दिसतात.

नानांना त्यांचं काम येत होतं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा कुणी अर्धवट माणूस असेल. समोरच्या जशुभाई पटेलांचं स्वयंपाकघर दिवसासुद्धा अंधारं असायचं. नानांनी एका रविवारी चहा पिता पिता लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर चार रेघा ओढल्या आणि म्हणाले, आ दीवाल काढी नाखो. जशुभाईंनी भिंत काढली. उजेड असा आला की जशुभाईंची बायको नानांना दर दिवाळीला मठिया-सुंवाळीचा फराळ पाठवू लागली. मग सगळ्या सोसायटीला सवयच लागली. कुणालाही काही पाडायचं किंवा बांधायचं असलं की 'नानासाहेब, जरा जोई आपो ने', जरा बघून द्या ना, म्हणत माणूस दारात हजर.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नळ गळत होता तो गळतच होता. बेडरूमच्या दिव्याचं बटण भिंतीतून सुटून वायरवर लोंबत होतं. वहिनी ते दाबताना एका हातानं वायर धरत. मी काही बोलले की नाना म्हणत, इथं काय आपल्याला कायमचं राहायचंय? आपलं घर तिकडं होतंय.

तिकडं म्हणजे सापुताऱ्याला.

वहिनींना दमा होता. आमच्या मधल्या भिंतीतून त्यांचा खोकला आमच्या झोपायच्या खोलीत येई. मे महिन्यात बडोद्यात धूळ उडायला लागली की त्यांना आडवं होणं जमत नसे. भिंतीला तीन उशा लावून त्या बसल्या बसल्या झोपत. पावसाळ्यात दमट हवेनं तेच. इंजेक्शन घेतलं की दोन दिवस बरे जात. डॉक्टरांनी एकदा नाना-वहिनींना समोर बसवून सांगितलं की वर्षातले एक-दोन महिने डोंगरावरच्या कोरड्या हवेत काढता आले तर बघा. उपयोग होईलच असं सांगता येत नाही, पण करून बघा.

त्या वेळी सापुताऱ्याला प्लॉट मिळत होते. नानांनी कसं जमवलं त्यांचं त्यांना ठाऊक, पण घेतला. आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे काढलेला हा माणूस आमच्या जेवणाच्या टेबलावर, कारण त्यांच्या टेबलाचा पाय हलत होता, आपल्या घराचा नकाशा काढायला बसला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पश्चिमेला व्हरांडा. बस. वहिनी शेजारी बसून विचारत होत्या, खिडकी इथं का, दार तिकडं का. नाना उत्तर देत होते, पुसत होते, पुन्हा काढत होते. त्या दोघांना इतकं आनंदात मी नंतर क्वचित पाहिलं.

दीड-दोन वर्षांत ते घर उभं राहिलं. दगडी जोतं, वर मंगलोरी कौलं. मी स्वतः पाहिलं. राहण्याजोगं होतं, देखणं होतं. तेव्हाच वास्तुशांत करून राहायला जायचं, एवढंच बाकी होतं.

इथं नानांच्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी. वडिलांनी बडोद्यात घर बांधलं होतं. जिना व्हायचा होता, पण मुहूर्त चांगला म्हणून त्यांनी वास्तुशांत तशीच उरकून घेतली. वर्षाच्या आत वडील गेले. नाना तेव्हा शाळेत होते. त्यांची आई पुढं मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिली की ह्यांनी अर्ध्या घराची शांत केली. नाना तसे देवधर्मात फार बुडालेले नव्हते, पण हे वाक्य त्यांच्या हाडात गेलं होतं. त्यामुळे त्यांचा नियम ठरला. घर आधी पूर्ण व्हायला हवं, मग वास्तुशांत. आणि शांत होईपर्यंत त्या घरात चूल पेटवायची नाही, अंथरूण टाकायचं नाही. दिवसा या, बसा, गप्पा मारा. दिवेलागण झाली की बाहेर.

मग रात्री राहायचं कुठं? तर प्लॉटच्या कोपऱ्यात सिमेंट, वाळू, घमेली, फावडी ठेवायला जी पत्र्याची शेड होती, तिच्यात. दोन खाटा, एक स्टोव्ह, आणि खाटांच्या उशापायथ्याशी सिमेंटच्या गोण्या. दम्याच्या बाईला. मी हे तोंडावर बोलले तेव्हा नानांनी गोण्यांवर ताडपत्री घातली आणि म्हणाले, थोडे दिवस तर काढायचेत, एवढं पतलं की पतलं.

पतलं म्हणजे संपलं, उरकलं. गुजरातीतून आमच्या बडोद्याच्या मराठीत आलेला शब्द. नानांच्या तोंडात तो दिवसातून किती वेळा येई ह्याला सुमार नव्हता. पायऱ्या पतल्या की पतलं. मग मीनाची खोली. मीना त्यांची मुलगी, लग्न होऊन सुरतेला गेलेली, माहेरपणाला येईल तर तिला स्वतंत्र खोली नको? ती खोली पतली. मग जावयांना बाथरूम वेगळं हवं. मग बडोद्याहून कुणी आलं तर पाहुण्यांची खोली. मग तिच्यावर गच्ची, कारण दरी खालून पुरती दिसत नाही. प्रत्येक दिवाळीला, नाताळात, मे महिन्यात दोघं हवापालटाला म्हणून डोंगरावर जात आणि वहिनी ती सगळी सुट्टी शेडबाहेर विटांच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून गवंड्यांचा चहा करत. अंगावर, केसांत, भांड्यांवर सिमेंटची भुकटी. परत आल्या की बडोद्याचे डॉक्टर विचारत, हवा मानवली का? वहिनी म्हणत, हवा छान आहे हो तिथली.

एका दिवाळीत आम्ही सोसायटीतली तीन-चार घरं मिळून एसटीनं सापुताऱ्याला गेलो होतो. तो दिवस आठवला की मला नानांचा राग धरवत नाही, म्हणून तोही सांगते. आम्ही पोचलो तेव्हा नाना फाटकाशी धुतलेला पांढरा सदरा घालून उभे. घर दाखवायला सुरुवात झाली. व्हरांड्यात एकही खुर्ची नव्हती, पण नानांनी आम्हाला जागा नेमून दिल्या. इथं झोपाळा, ह्यावर जशुभाई आणि भाभी. इथं वेताच्या खुर्च्या, इथं शालिनीबाई, म्हणजे मी, ही सुलभाची जागा, चहा त्या दारातून येणार. आम्ही खरोखरच तसे उभे राहिलो, नसलेल्या फर्निचरच्या मापानं. झोपायच्या खोलीत त्यांनी माझ्या यजमानांचे खांदे धरून त्यांना पलंगाची उशी येणार तिथं उभं केलं, खाली वाकायला लावलं आणि खिडकीकडे बघा म्हणाले. सकाळी डोळे उघडले की हे दिसणार. समोर उतरत गेलेलं रान, त्यापलीकडे निळा डोंगर आणि मध्ये धुक्याचा एक पट्टा. मी काही दगड नाही. तो देखावा बघून मलाही वाटलं की ह्या माणसाला जे दिसतंय ते खरंच आहे.

संध्याकाळी वहिनींनी व्हरांड्यात बडोद्याचा लीलो चिवडा आणि शेव मांडली. सूर्य खाली जात होता. त्या खूप हसल्या त्या दिवशी. नाना गवंड्यांच्या नकला करत होते, भाभी गुजरातीत त्यांची थट्टा करत होती, वहिनी खांबाला टेकून ऐकत होत्या आणि त्यांचा श्वास वाजत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मग नानांनी आकाशाकडे पाहिलं, टाळी वाजवली आणि शाळा सुटल्यासारखं सगळ्यांना बाहेर काढलं. चला, दिवेलागण झाली. दाराला कुलूप लागलं. आम्ही गेस्ट हाऊसकडे निघालो आणि वहिनी शेडकडे. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांचा खोकला मला ऐकू येत होता. त्या रात्री मी जेवले नाही.

पुढच्या नाताळात यजमानांची ड्युटी होती आणि मला सुट्टी, म्हणून मी एकटीच नाना-वहिनींबरोबर गेले. थंडी मरणाची होती. पत्र्याच्या शेडमध्ये ती खालून वरून दोन्हीकडून येत होती. पहिल्या दोन रात्री वहिनी बसूनच होत्या. तिसऱ्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यांनी आपली गादी गुंडाळली, बगलेत मारली आणि घराकडे चालू लागल्या. नाना मागून धावले.

"सुलभा, शांत व्हायची आहे अजून."

"होऊ दे तेव्हा होईल," त्या म्हणाल्या. "मी आत झोपणार आहे. किल्ली द्या."

मी नानांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते रागावले नाहीत. किल्ली खिशातून काढून हातात धरून उभे राहिले, आणि वहिनींनी ती त्यांच्या बोटांतून घेतली. मग मला म्हणाल्या, शालिनी, येतेस? मी माझी वळकटी उचलली. नाना उंबऱ्याच्या आत आले नाहीत. शेडच्या दारात घोंगडी पांघरून बसून राहिले.

पहाटे मला जाग आली ती शांततेनं. खोलीत काही ऐकूच येत नव्हतं. खोकला नाही, शिट्टीसारखा तो श्वास नाही. मी वळून पाहिलं तर वहिनी कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, आडव्या झोपल्या होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना आडवं झोपलेलं पाहिलंच नव्हतं. मी सरकत जाऊन त्यांच्या नाकापुढे हात धरला. श्वास येत होता. हलका, सरळ, लहान पोराचा यावा तसा. मी तिथंच बसून रडले, आणि आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला.

उजाडल्यावर आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. वहिनींचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. शेडच्या दारात नाना बसल्या बसल्याच झोपलेले होते. मी म्हटलं, जाऊन सांगते त्यांना, उठवते. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला. बरं वाटलं असं कळलं तर हे दुप्पट जोरानं बांधायला काढतील."

मी म्हटलं, असं कसं, उलट बांधायचे थांबतील. त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरलेली नाही.

"तुला कळत नाही ते. डॉक्टर म्हणाले ना, उपयोग होईलच असं सांगता येत नाही, ते वाक्य ह्यांच्या डोक्यात बसलंय. घर पुरं झालं, मी राहायला गेले, आणि बरी नाही झाले, तर? त्यांना तेच बघायचं नाहीये. घर अर्धं आहे तोवर मी बरी होणार आहे." मग माझं मनगट सोडून म्हणाल्या, "एका रात्रीनं त्यांची ती भीती जायची नाही. मी आता मुहूर्तच काढून घेते. एकदा गुरुजी येऊन बसले की हे कुठं जातील?"

नाना उठल्यावर त्यांनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. लागली का झोप, एवढं तरी विचारावं. विचारलं नाही. वहिनीही काही बोलल्या नाहीत. नानांनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि कुलूप लावलं. किल्ली त्या दिवसापासून त्यांच्या जानव्याला.

बडोद्याला आल्या आल्या वहिनींनी खरोखरच दांडिया बाजारातल्या गुरुजींना गाठलं आणि वैशाखातला मुहूर्त काढून घेतला. नानांना सांगितलं ते चार माणसांसमोर, म्हणजे नाही म्हणता येऊ नये. नाना नाही म्हणालेच नाहीत. उलट हरखले. गच्चीला कठडा लागला होता, रंग झाला होता, त्यांच्या मते आता खरंच पतलं होतं. त्यांनी घरोघर जाऊन बोलावणी केली, मीनाला आणि जावयांना सुरतेहून थेट वर यायला कळवलं. वहिनींनी पेटीतली पैठणी काढून उन्हात घातली. मला म्हणाल्या, मे महिनाभर मी तिथंच राहणार, जूनलाही राहीन, पाऊस सुरू होईपर्यंत. आम्ही कोण काय नेणार ते ठरवलं. मी वाती वळल्या.

मुहूर्ताच्या आठ-दहा दिवस आधी नाना साफसफाईला म्हणून एकटे पुढं गेले आणि तीन दिवसांनी परत आले. आमच्याच घरी आधी आले, कारण वहिनींना सांगायची हिंमत नव्हती. पलीकडे सगळं ऐकू जात होतंच. त्यांनी पूर्वेची भिंत पाडली होती.

कशासाठी, तर देवघरासाठी. झालं असं की पूजेची मांडणी कुठं करायची ते बघत ते घरभर फिरले, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या सगळ्या घरात देव ठेवायला जागाच नाही. मीनाची खोली होती, जावयांचं बाथरूम होतं, नसलेल्या झोपाळ्याच्या कड्या होत्या. देवघर नव्हतं. तीस वर्षं ज्या माणसानं शाळा, दवाखाने आणि क्वार्टर्स काढले, त्याच्या हाताला देवघर काढायची सवयच नव्हती. सरकारी नकाशात ते नसतं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, वहिनींच्याही नाही, माझ्याही नाही. देवाशिवायच्या घराची शांत कशी करायची, नाना मला विचारत होते. अर्धं घर म्हणजे आणखी काय असतं?

मी म्हटलं, नाना, फळी ठोका एक भिंतीला. आमचे देव फळीवरच आहेत. नानांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

मुहूर्त गेला. भिंत पुन्हा चढायला, देवघर व्हायला, गिलावा वाळायला महिना-दीड महिना लागणार, तोवर आषाढ. मग चातुर्मास. चातुर्मासात वास्तुशांत नको असं गुरुजींचंही म्हणणं पडलं. आता एकदम तुळशीच्या लग्नानंतर. वहिनींनी पैठणी घडी घालून परत पेटीत ठेवली. मी समजूत काढायला गेले तर म्हणाल्या, "आता नाही व्हायचं ग." नुसतं एवढंच, आणि पोळ्या लाटायला लागल्या.

त्या पावसाळ्यात बडोद्यात पाऊस लागून राहिला होता. घरात कपडे वाळत नव्हते, भिंतींना बुरा चढला होता. भाद्रपद लागला तसा वहिनींचा श्वास वाढत गेला. एका दुपारी आमच्या मधल्या भिंतीवर पलीकडून मुठी आपटल्याचा आवाज आला. मी धावले. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, नाना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हातानं भिंत बडवत होते. जशुभाईंनी स्कूटरवरून जाऊन डॉक्टरांना आणलं. ते आले तेव्हा वहिनी बसलेल्याच होत्या, पण उरल्या नव्हत्या. नानांना ते कळायला वेळ लागला. ते पाठीवरून हात फिरवतच होते, आणि शेवटी मीच त्यांचा हात धरून बाजूला केला.

दिवसांच्या वेळी नात्यातली एक बाई कुजबुजली की शांत न करता आत झोपली होती म्हणे, तेच भोवलं. नानांनी ते ऐकलं. नाना चिडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. घराला काही बोलायचं नाही, ते म्हणाले, घराचा काही दोष नाही. पुढं कार्तिक आला तेव्हा गुरुजी आपण होऊन घरी आले आणि म्हणाले की पत्नी नसली तरी अडत नाही, तिच्या जागी सुपारी ठेवून विधी होतो, नाहीतर मुलगी-जावई बसतील.

"घर तिच्यासाठी होतं," ते म्हणाले. "सुपारीला दमा नसतो, गुरुजी."

गुरुजी चहा न घेता गेले.

निवृत्त झाल्यावर नानांनी तरसालीचं घर बंद केलं आणि ते वर राहायला गेले. मीनानं सुरतेला या म्हणून खूप विनवलं. गेले नाहीत. मीनाकडून कळायचं की प्रकृती बरी आहे, फिरतात, स्वतः करून खातात. देवघर पुरं केल्यावर बांधकाम मात्र एका विटेचं केलं नाही.

दोन-तीन वर्षांनी आम्ही नाशिकहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून सापुताऱ्याला उतरलो. नाना फाटकाशी आले. फार वाळले होते, ऐकायला थोडं कमी येत होतं. घर पूर्ण होतं. देवघर झालं होतं, काचा लागल्या होत्या, व्हरांड्यात झोपाळासुद्धा होता. त्यांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवलं आणि चहा करायला गेले, शेडमध्ये. मी मागून गेले. एकच खाट, स्टोव्ह, दोन भांडी. सिमेंटच्या गोण्या नव्हत्या. मी विचारलं, नाना, तुम्ही अजून इथंच झोपता? ते म्हणाले, शांत कुठं झालीये.

चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. जशुभाई गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. बसची वेळ झाली तसे यजमान पिशव्या घेऊन पुढं निघाले. मी चपला घालत होते तेव्हा नाना जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शालिनीबाई, एक विचारायचं होतं. ती त्या रात्री आत झोपली होती. तुम्ही होतात बरोबर. कशी गेली हो रात्र तिची? तिनं मला सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही."

माझ्याकडे बघत ते उभे होते. मला वहिनींचा तो चेहरा दिसला, कुशीवर वळलेला, आणि तो हलका श्वास. पहिल्यांदा वाटलं सांगून टाकावं. वहिनींच्या वतीनं एकदा ह्या माणसाला कळू दे, तुमचं घर चांगलं होतं, तुम्ही फक्त दार उघडायला हवं होतं. माझा राग गेलेला नव्हता, आजही नाही. पण नानांनी व्हरांड्याचा खांब धरला होता, आणि हे आता कळलं तर ते कशाला धरून राहणार होते?

"बसूनच होत्या, नाना," मी म्हटलं. "रात्रभर. शेडमधल्यासारखंच."

"खोकला?"

"होता. पहाटेपर्यंत."

नाना मान हलवत राहिले. मग त्यांनी खांब सोडला आणि पायरीवर बसले. "म्हणजे उपयोग नव्हता," ते म्हणाले. "पुरं झालं असतं तरी नव्हता."

"नव्हता."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुटकाच म्हणेन. ज्या गोष्टीला हा माणूस इतकी वर्षं भीत होता, तीच ऐकून त्याला बरं वाटलं होतं, आणि ते मला बघवेना. मी येते म्हणाले. त्यांनी हात वर केला. फाटकाशी वळून पाहिलं तर ते पायरीवर तसेच बसले होते, घराकडे पाठ करून, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. बसमध्ये यजमानांनी विचारलं की नाना काय म्हणत होते. मी म्हटलं, घराबद्दलच बोलत होते.